उजेडावर चालणारं खुराड्याचं दार आणि देवगडचा पावसाळा: आठ महिन्यांचा अनुभव

डिसेंबरात हे दार बसवलं तेव्हा आठवड्याभरातच मी पाचपैकी पाच तारे देऊन टाकले होते. त्यातले काही आज परत घेतोय. सगळे घेणार होतो, पण लिहायला बसेपर्यंत राग थोडा उतरला.

दार असं: अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, वर डबी, डबीत मोटर, चार पेन्सिल सेल आणि बाहेरच्या अंगाला उजेड ओळखणारा डोळा. उजाडलं की पत्रा वर, अंधारलं की खाली. ४,६०० रुपये. आमच्याकडे गावठी अंडं पंधराला जातं, म्हणजे तीनशे सहा अंडी आणि वर दहा रुपये. हा हिशेब आईने पहिल्याच दिवशी मांडला आणि तेव्हापासून दर बिघाडाला मला तो ऐकवते.

घेतलं का, तर कांडेचोरामुळे, म्हणजे उदमांजरामुळे. दिवाळीत एका रात्री आम्ही पाहुण्यांकडे अडकलो आणि खुराडं उघडं राहिलं. सकाळी पाच गेलेल्या. एक नेली होती, बाकी चार मानेला चावून तिथेच टाकलेल्या. कोंबडीला अंधारात दिसत नाही, त्यामुळे शेजारणीचा जीव जातो तरी ती काठीवरून हलत नाही. सगळ्यात वरच्या काठीवर कोंबडा आणि दोन तलंगा तशाच बसून होत्या. तो कोंबडा पुढे तीन दिवस आरवला नाही. मी त्याच आठवड्यात दार मागवलं.

हिवाळाभर दाराने काम चोख केलं, हे मान्य करतो. साडेसहाच्या सुमारास घर्रर्र आवाज, पत्रा खाली, आणि मी खळ्यात चहा पीत बसलेलो. मध्ये कोंबडी आली तर पत्रा थांबून परत वर जातो, ते मी हात घालून चार वेळा तपासलं. पुतणीला तर दार बंद होताना बघायचा नादच लागला.

मार्चमध्ये दार बंद असतानाही दोन गेल्या. मी कंपनीला फोन लावून वीस मिनिटं भांडलो. फोन ठेवला आणि वर बघितलं तर एक कौल बाजूला सरकलेलं, फणसाची फांदी थेट छपरावर. म्हणजे पाहुणा वरून आला होता, दाराचा काही संबंध नव्हता. माफी मागायला परत फोन केला नाही, ते राहिलं. फांदी तोडली आणि कौलांखाली अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी मारली. षटकोनी भोकांची, जिला दुकानात कोंबडी जाळी म्हणतात, ती घेऊ नका. ती कोंबडीला आत ठेवते, बाकी कोणाला बाहेर ठेवत नाही.

आता मूळ तक्रारीकडे येतो. तो डोळा.

कोकणात जुलैत भर दुपारी दिवे लावून जेवतात, हे ज्याने डोळा बनवला त्याला कोणी सांगितलंच नाही. ढग भरून आले की दार म्हणतं, झाली रात्र. दुपारी दोनला बंद, पावणेतीनला उघडं, चारला बंद. एका दिवशी मी पाच वेळा मोजलं. सेल डिसेंबरपासून जूनपर्यंत पुरले होते, ते जुलैत अठरा दिवसांत संपले. कोंबड्या दारासमोर रांगेत, पिसं अंगाला चिकटलेली, एकेक पाय वर घेऊन उभ्या. आई म्हणाली, "ढगाक घड्याळ कळता काय रे?"

कंपनीचं म्हणणं:

"सर, तुमच्याकडे उजेड कमी आहे."

"अहो, जुलै आहे."

"दार उन्हाच्या बाजूला बसवून बघा."

"ऊन गणपतीनंतर पडेल. तोपर्यंत काय करू?"

"सर, व्हिडिओ पाठवा."

व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं की डबीत ओल दिसते, पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. घराबाहेर लावायची वस्तू आणि पाणी चालत नाही! शेवटी डोळ्याचं नवीन झाकण पाठवलं, एकोणीस दिवसांनी, तेही घरी नाही, तालुक्याला जाऊन आणायचं. एसटीचं जाऊन-येऊन तिकीट मी खर्चात धरलंय.

त्या एकोणीस दिवसांतला एक दिवस सांगायचा आहे. आई माहेरी गेलेली, मी कामाला कणकवलीला. चारच्या सुमारास अंधारून आलं आणि दार बंद झालं ते उघडलंच नाही. मी आठला परतलो. मोठ्या कोंबड्या पडवीत शिरून सायकलवर, पिंपावर, जिथे जागा मिळेल तिथे बसलेल्या. त्यांना उचलून आत टाकलं. पण तांबडी नव्हती. तिची अकरा पिल्लं दोन आठवड्यांची. पिल्लंवाली कोंबडी पावसात धावत नाही, असेल तिथे बसते आणि पिल्लांना पंखाखाली घेते. बॅटरी घेऊन गडग्यापर्यंत बघितलं, आगरात बघितलं. पाऊस असा की हाक मारली तरी आपलीच आपल्याला ऐकू येईना. सकाळी लाकडांच्या रचणीमागे तांबडी पिसं मिळाली. चार पिल्लं लाकडांच्या फटीत अगदी आत शिरलेली, ओरडून ओरडून आवाज बसलेला.

दाराला शिव्या घालून झाल्यावर मला जे कळलं ते कंपनीला सांगता येण्यासारखं नाही. आधी रोज तिन्हीसांजेला आमच्यातलं कोणीतरी कोंबड्या मोजायचं. आई बा-बा-बा करत मूठभर कणी टाकायची आणि आत जाताना एकेकीवर बोट धरायची. दार आल्यापासून मोजणं बंद पडलं. दार बंद झालं म्हणजे सगळ्या आत, असं आम्ही धरून चाललो.

आई दुसऱ्या दिवशी आली. काही बोलली नाही, तीनशे सहा अंडीही नाही. पिल्लं डालग्याखाली चुलीपाशी ठेवली. रात्री जेवणं झाल्यावर डालगं घेऊन मांगरात गेली. तिथे काळी अंड्यांवर बसली होती, अंडी फुटायला दोनच दिवस राहिलेले. दिवा न लावता, अंधारात हात चाचपत एकेक पिल्लू काळीच्या पोटाखाली सरकवलं. काळी आधी गुरगुरली, हाताला एकदा टोचलं, मग नुसतीच फुगून बसली. मी दारात उभा राहून ऐकत होतो. पिल्लांचा चिवचिवाट हळूहळू खाली उतरला आणि थांबला. सकाळी काळी त्यांना आपलीच समजून हाका मारत होती. पुतणी मात्र तांबडीसाठी आठवडाभर रोज त्या रचणीमागे जाऊन यायची. तिला कोणी अडवलं नाही.

दाराचं मत बदललं ते त्यानंतर, आणि त्याचं श्रेय पुतणीला. तिने डबीवरचं बटण पाच सेकंद दाबून धरलं आणि टायमर निघाला! इंग्रजी पुस्तिकेत नवव्या पानावर तो लिहिलेलाही होता. डोळा बंद करून नुसत्या घड्याळावर दार चालतं. इतक्या फोनांत कंपनीच्या एकानेही हे सांगू नये? आता सकाळी साडेसहा, संध्याकाळी साडेसात. जुलैत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेसातपर्यंत सगळ्या आत आलेल्या असतात. हिवाळ्यात सहाच्या आसपासच मावळतो, म्हणून वेळ मागे आणत राहायला हवी. मी दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो.

दिवसाचं काय, असं विचाराल. दिवसा हे दार काहीच कामाचं नाही. मुंगूस सकाळी दहाला येतं, घार बाराला, आणि पिल्लं लहान असतील तर कावळे आणि भारद्वाजसुद्धा. गाण्यांच्या जुन्या चकचकीत सीडी टांगल्या, घार चार दिवस बिचकली, पाचव्या दिवशी नाही. बंदरावरून फाटकं मासेमारीचं जाळं आणून पिल्लांच्या जागेवर ताणलं, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला आणि पैसे लागले नाहीत. मात्र जाळ्याची कड जमिनीपासून वीतभर वर ठेवा. आमची लोंबत होती, तिच्यात धामण अडकली आणि सर्पमित्राला बोलावून कात्रीने सोडवावी लागली. शेजारच्यांनी मुंगसासाठी औषध घालायला सुचवलं. ते करू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि ते औषध पहिल्यांदा खाणार तुमचाच कुत्रा.

तर तारे तीन. दोन कापले ते डोळ्याचे आणि फोनवरच्या माणसांचे. घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून टायमरवर लावा, डबीवर पत्र्याची छोटी पडवी काढा आणि सोबत आलेले स्क्रू फेकून द्या. खाऱ्या हवेने ते आमच्याकडे मेपर्यंत तांबूस झाले होते, जुलैत एकाचं डोकंच तुटलं. हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेसचे घ्या, आठ लागतात.