गच्चीवरचा मोठा तवा : तयार घ्यावा, बनवून घ्यावा की बिडाचा आणावा?

पुण्यात ज्यांच्याकडे स्वतःची गच्ची, बंगल्याचे अंगण किंवा मुळशी-पानशेतच्या बाजूला लहानसे शेतघर आहे, त्यांना पंधरा-वीस माणसांची थालीपीठे, घावन किंवा पावभाजी एकाच वेळी करता येईल असा मोठा, सपाट, गॅसवर चालणारा तवा हवासा वाटणे स्वाभाविक आहे. शोधायला लागल्यावर साधारणपणे चार पर्याय समोर येतात : अमेरिकी धाटणीचा चार बर्नरचा तयार ग्रिडल, हॉटेलच्या सामानाच्या दुकानातली डोशाची भट्टी, वर्कशॉपमधून बनवून घेतलेला लोखंडी प्लेटचा तवा, आणि घरच्याच शेगडीच्या दोन बर्नरवर आडवा बसणारा बिडाचा चौकोनी तवा. झाकण, चाके, बाजूच्या फळ्या आणि रंग यांकडे आधी लक्ष जाते. पण निर्णय दोन गोष्टींवर व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. वरची प्लेट किती जाड आहे, आणि जून ते सप्टेंबर ती कुठे राहणार आहे?

जाडीचा मुद्दा आधी घेतो, कारण टिकाऊपणा आणि किंमत ही दोन्ही त्यातूनच ठरतात. लोखंडी प्लेटचे वजन काढण्याचा कारागिरांचा हिशोब सोपा आहे : जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन तिला ७.८५ ने गुणले की एका चौरस मीटरचे किलो मिळतात. म्हणजे ९० बाय ५५ सेंटिमीटरचा तवा ३ मिलिमीटरचा असेल तर सुमारे साडेअकरा किलो, ६ मिलिमीटरचा असेल तर सव्वातेवीस किलो आणि १० मिलिमीटरचा असेल तर जवळजवळ एकोणचाळीस किलो भरतो. ३ मिलिमीटरचा पत्रा बर्नरच्या वर लाल होईपर्यंत तापवला नाही तरी मध्ये फुगतो, आणि एकदा फुगला की तेल कडांकडे पळते, घावनाचे पीठ एका बाजूला वाहते आणि मधले थालीपीठ कोरडे करपते. दुसरीकडे १० मिलिमीटरची प्लेट सहसा वाकत नाही आणि उष्णता छान धरून ठेवते. मात्र वजन वाढेल त्याच प्रमाणात ती तापवायला गॅस आणि वेळही जास्त लागतो, आणि ती उचलायला दोन माणसे लागतात. घरगुती वापरासाठी ६ ते ८ मिलिमीटर ही जाडी मला सर्वांत योग्य वाटते.

स्टेनलेस स्टीलचा पृष्ठभाग गंजत नाही म्हणून अनेकांना तो आकर्षक वाटतो, पण तव्यासाठी तो दुय्यमच आहे. साध्या लोखंडाच्या मानाने त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण एक तृतीयांश असते, त्यामुळे बर्नरच्या नेमके वर जळते आणि वीतभर अंतरावर कच्चे राहते. शिवाय तापल्यावर तो जास्त प्रसरण पावतो : तापमान २०० अंशांनी वाढले की ९० सेंटिमीटरची लोखंडी प्लेट सुमारे दोन मिलिमीटर वाढते, तर नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेसची तीन. स्टँड, बर्नर आणि तेलाचा ट्रे स्टेनलेसचे असावेत, वरची प्लेट नको.

ब्लॅकस्टोनसारख्या अमेरिकी कंपनीच्या ३६ इंची ग्रिडलचे स्वयंपाकाचे क्षेत्र ७६८ चौरस इंच असते, म्हणजे वर हिशोबात घेतलेल्या तव्याइतकेच. बांधणी विचारपूर्वक केलेली असते : चार बर्नर स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतात, प्लेट उचलून काढता येते, सांडलेले तेल गोळा करण्याची सोय असते. अडचण इथे आणल्यावर सुरू होते. त्याचा रेग्युलेटर तिकडच्या प्रोपेनच्या सिलिंडरच्या तोंडासाठी बनवलेला असल्यामुळे आपल्या सिलिंडरवर बसत नाही, आणि जेटही (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक छिद्रे) प्रोपेनसाठी मापलेले असतात, तर आपल्याकडच्या एलपीजीत ब्यूटेनही असते. ही जुळवाजुळव जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते. चारही बर्नर पूर्ण सोडले तर त्याची ताकद ताशी ६०,००० बीटीयू, म्हणजे सुमारे साडेसतरा किलोवॅट आहे. याचा अर्थ तासाला जवळजवळ १.४ किलो गॅस, आणि १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर दहा तासांत रिकामे. इतक्या वेगाने गॅस ओढला की सिलिंडर गार पडतो आणि, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, जाळ मंदावतो. मालाची प्रत चांगली आहे, पण वाहतूक आणि आयात शुल्क धरून पैशांच्या मोबदल्यात काय मिळाले, हे पाहिले तर माझी पसंती याला नाही.

डोशाची भट्टी मजबुतीत या सर्वांना मागे टाकते. तिची प्लेट जाड, घासून गुळगुळीत केलेली आणि रोज आठ-दहा तास तापण्यासाठीच घडवलेली असते. पण ती एका जागी रोवून वापरण्याची वस्तू आहे. बर्नर सहसा हाय-प्रेशरचे असतात, आणि घरगुती सिलिंडरला हाय-प्रेशर रेग्युलेटर लावणे धोक्याचे आहे. महिन्यातून दोनदा वापरणाऱ्या कुटुंबाने ती घेऊ नये.

बिडाचा तवा छोट्या कुटुंबासाठी उत्तम आहे. तो उष्णता धरून ठेवतो, थालीपीठाला जी खरपूस जाळी पडते ती याच्यावर सुरेख येते, आणि वापरानंतर कपाटात ठेवता येतो. बीड ठिसूळ असते, हे मात्र विसरून चालत नाही : तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले किंवा तो फरशीवर पडला तर सरळ तडा जातो, आणि तडा गेलेल्या बिडाला घरगुती दुरुस्ती नाही. सहा-सात माणसांच्या वर तो पुरत नाही.

उरतो तो बनवून घेतलेला तवा, आणि पुण्यात राहणाऱ्याला हा पर्याय सहज उपलब्ध आहे, हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात हव्या त्या मापाची प्लेट कापून मिळते, आणि गल्लोगल्लीचे फॅब्रिकेटर स्टँड जोडून देतात. किंमत विचारताना प्लेटचा किलोचा भाव आणि मजुरी वेगळी लिहून घ्यावी, आणि तयार तवा वजनकाट्यावर ठेवून जाडी पडताळावी. प्लेट चारही बाजूंनी स्टँडला वेल्ड करू देऊ नये; ती नुसती टेकलेली आणि प्रसरणाला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक असलेली हवी, नाहीतर तापल्यावर तिला वाकण्यावाचून गती उरत नाही. मागे आणि बाजूंना तीन बोटे उंचीच्या कडा, पुढे उताराची पन्हळ, चार पायांना पातळी साधण्याचे स्क्रू आणि गच्चीवरच्या वाऱ्यासाठी बर्नरभोवती पत्र्याचा आडोसा मागून घ्यावा. बर्नर आणि त्यांची जोडणी मात्र गॅसच्या शेगड्यांचे काम करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावी, नळी आयएसआय शिक्क्याची घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो कठड्याच्या कोपऱ्यात साचतो, म्हणून सिलिंडर उभा आणि मोकळ्या जागी असावा.

देखभालीत लोखंड आणि बीड यांना सारखेच कष्ट लागतात. नव्या प्लेटवर कारखान्याचे तेल आणि काळी खपली असते. ती घासून, धुऊन, पूर्ण वाळवून मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि धूर येऊन थांबेपर्यंत तापवावे. असे चार-पाच थर द्यावेत. यासाठी जवस किंवा करडईचे तेल घ्यावे, कारण ही वाळणारी तेले आहेत आणि त्यांचा थर शेंगदाणा तेलापेक्षा घट्ट बसतो. पावभाजीतल्या टोमॅटोचा आंबटपणा हा थर खातो, म्हणून भाजी उतरवल्यावर लगेच उलथण्याने खरवडून, पुसून, पुन्हा तेलाचा हात द्यावा. थालीपीठांच्या दिवशी नुसते पुसले तरी चालते.

पावसाळ्यात प्लेट गच्चीवर ठेवून वर प्लास्टिक बांधणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण आत अडकलेला दमटपणा आठवड्याभरात गंज चढवतो. उचलून काढता येणारी प्लेट तेल लावून, सुती कापडात गुंडाळून घरात उभी ठेवावी. सव्वातेवीस किलो जिना उतरवणे एका माणसाला जमते, एकोणचाळीस जमत नाही, आणि म्हणूनच मी ६ मिलिमीटरकडे झुकतो. ऑक्टोबरात पुन्हा जोडताना बर्नरच्या नळ्या बारीक तारेने साफ कराव्यात, कारण कोळी आणि कुंभारमाश्या त्यांत हमखास घर करतात; जाळ निळ्याऐवजी पिवळा दिसला किंवा तव्याच्या खालून काजळी धरू लागली, तर गॅस बंद करून आधी त्या नळ्याच पाहाव्यात.