दहा महिने झिजवलेलं कार्ड: लेकीच्या तपासण्यांचा अनुभव

फुकट मिळालेल्या वस्तूवर कुणी एवढं लिहीत नाही, पण माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे बाळाचं वजन अन् लसी नोंदवायचं सरकारी कार्ड, मी दहा महिने अक्षरशः झिजवलंय. घडीवर चिरलंय, कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलंय. लेक फेब्रुवारीत झाली, माहेरी गंगाखेडला. आता आम्ही सासरी, अंबाजोगाईजवळ. दवाखान्याची फाईल तिकडंच राहिली, सोबत आलं ते कार्डच. पाचपैकी साडेतीन देईन. दीड का कापला ते खाली येईलच.

सगळ्यात जीव लावून केलेली तपासणी पहिलीच होती, दुसऱ्या दिवशीची. डॉक्टरीणबाईंनी आधी हात चोळून गरम केले आणि लेकराला पार उघडं केलं. आई लगेच, "अहो, गार लागंल की लेकराला!" बाईंनी वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारं यंत्र, दाखवला आणि मिनिटभर हातही न लावता नुसतं बघत राहिल्या: श्वास, रंग, दोन्ही हातपाय सारखे हलतायत का. झोपेत आहे तोवर छातीचे ठोके ऐकून घेतले, कारण एकदा भोकाड पसरलं की काही ऐकू येत नाही. मग टाळू चाचपली. डोक्यावरचीही आणि हातमोज्यातलं बोट तोंडात घालून आतलीही, फटीसाठी. जांघेत दोन बोटं ठेवून नाडी शोधली. तिथं ती लागली नाही तर हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी अरुंद असल्याची शंका येते म्हणे. डोळ्यांत उजेड टाकला, लाल चमक दिसली. पांढरी दिसली असती तर मोतीबिंदू किंवा गाठीसाठी लगेच पुढं पाठवलं असतं. शेवटी गुडघे दुमडून मांड्या हळूच बाहेर उघडल्या, खुब्याचा सांधा निसटतो का बघायला. आमच्याकडं पाय सरळ ओढून करकचून बांधायची पद्धत आहे, तिला त्यांनी तिथंच लगाम घातला. खुब्यासाठी पाय बेडकासारखे मोकळे राहिलेलेच बरे.

माकडहाडावर निळा डाग होता. मी घाबरले, कुठं आपटलं की काय. तो जन्माचाच असतो आणि काही वर्षांत विरतो, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. अजून एक, मुलगा असो की मुलगी, नव्या बाळाची छाती सुजल्यासारखी दिसते. आईच्या संप्रेरकांमुळं होतं, आपोआप ओसरतं. मालिशवाली मावशी "दूध पिळून काढू" म्हणत बसली होती, तिला आईनंच हाकललं. पिळलं की पू होतो.

जन्माचं वजन 2600 ग्रॅम, पाचव्या दिवशी 2420. माझं धाबं दणाणलं. पण पहिल्या काही दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत घट चालते, दोन आठवड्यांत भरून निघायला हवी. निघाली. कावीळ आशाताईंनी दारात, उजेडात नेऊन, कातडी बोटानं दाबून बघितली. पिवळेपणा तळहात-तळपायांवर उतरला किंवा पहिल्या चोवीस तासांतच दिसला तर थांबायचं नाही, हे त्यांचं पाठ. दवाखान्यात बाळंतपण झालं की त्यांच्या भेटी सहा, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. दर भेटीला श्वास पूर्ण मिनिटभर मोजायच्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा साठ किंवा जास्त भरला तर तातडी. ही घरी येऊन तपासायची रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं उभी केली, 2011 पासून देशभर लागू झाली. आपल्याच राज्यातली आहे, म्हणून सांगितलं.

मे महिन्यात ऊन असं की पत्रा चटका देतो. आत्याबाई रोज, "लेकराचा घसा वाळायलाय, दोन चमचे पाणी तर पाज." सहा महिन्यांआधी उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. दिवसाला सहाच्या वर लघवी होतीय म्हणजे दूध पुरतंय. मी दोऱ्यात गाठी मारून लघव्या मोजल्या, तेव्हा कुठं त्या गप्प बसल्या.

आता कापलेले दीड मार्क. इकडं वजन मोबाइलमध्ये भरतात आणि कार्डावर "नंतर मांडू" म्हणतात. ते नंतर काही येत नाही. सहाव्या महिन्याचं 6.4 किलो मांडलं, तर ते मुलग्यांच्या आलेखावर. ठिपका थेट पिवळ्याच्या, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्याच्या काठावर! रात्रभर झोप नाही. सकाळी पान उलटून मुलींच्या आलेखावर टेकवला तर हिरव्यात. तेव्हापासून पेन्सिल माझ्याच हातात. आणि दोन काट्यांत पावशेराचा फरक निघतो, म्हणून काटा एकच ठेवा, कपडे काढून वजन करा.

ठिपके जोडायला लागल्यावरच खरी गोष्ट दिसली. आठव्या महिन्यात 6.5. हिरव्यातच, म्हणून कुणी काही बोललं नाही. पण रेघ आडवी पडली होती, दोन महिन्यांत शंभर ग्रॅम. लसीला गेले तेव्हा सिस्टरला ते पान पुढं केलं. तिनं एकच विचारलं, "खायला काय देताय?" वरणाचं पाणी. "पाण्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. चमच्यावरून गळू नये असं घट्ट द्या." मग घट्ट वरणभात, वर तूप, दुधात कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याचं बारीक कूट, अंडं. दहाव्या महिन्यात 7.2, रेघ वर वळलीय.

नवव्या महिन्याची गोवर-रुबेला लस आणि जीवनसत्त्व 'अ' झालं. संक्रांतीला माहेरी जायचंय. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत आधीच टाकलंय, पेन्सिलीसकट.