मोटार तीच, फक्त रंग नवा

आमची मोटरहोम जुनी आहे. मागे झोपायची सोय, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं ठाकठीक. पण डॅशबोर्डमागचं वायरिंग बघितलं की छातीत धस्स होतं. इतक्या जणांनी त्यात हात घातलेत की कुठली वायर कुठून येते याचा पत्ताच लागत नाही.

तक्रार वायपरची होती. ते रेंगाळायचे, हेडलाइट लावले की आणखी मंद व्हायचे, आणि स्विच बंद केला की खाली येऊन बसायचं सोडून काचेच्या मधोमध उभे राहायचे. हेडलाइटचा आणि वायपरचा संबंध काय, एवढा एक प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

ज्या मेकॅनिककडे गाडी नेली तो बोलायला गोड. डॅशबोर्डखाली वाकला, वायपर फिरवणाऱ्या छोट्या मोटारीच्या प्लगमध्ये मल्टिमीटरची (व्होल्ट मोजायच्या मीटरची) लाल पिन खुपसली, काळी पिन शेजारच्या लोखंडी पट्टीला टेकवली आणि मीटर माझ्यापुढे धरला. १२.३ व्होल्ट. "बघा साहेब, करंट पूर्ण येतोय, तरी उचलत नाही. मोटार गेली." आकडाच समोर दिसतोय म्हटल्यावर मी काय बोलणार? मान डोलावली.

दोन दिवसांनी गाडी घ्यायला गेलो तर वायपर झपाझप चालत होते. आत काळीकुळकुळीत मोटार. बिलावर 'नवीन मोटार' आणि वर मजुरी. जुनी मोटार मागितली तर म्हणाला, भंगारवाला घेऊन गेला. पैसे दिले आणि निघालो.

तीन आठवडेही झाले नसतील. रात्रीची वेळ, धो धो पाऊस, आणि वायपर पुन्हा तसेच. गाडी कडेला घेऊन पाऊस थांबेपर्यंत बसून राहिलो.

गाड्यांच्या वायरिंगमध्ये आयुष्य गेलेला एक मित्र आहे. त्याने आधी मोटारीला हातच लावला नाही. मल्टिमीटरच्या एका पिनेला लांब वायर जोडून ती बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी पिन मोटारीच्या 'अर्थ'च्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या, वायरीवर धरली आणि मला वायपर चालू करायला सांगितलं. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, ०.२ व्होल्टच्या वर गेलं की अर्थवर शंका घ्यायची. आमच्याकडे आले ६.८. म्हणजे बॅटरीतल्या बारापैकी निम्म्याहून जास्त व्होल्ट परतीच्या वाटेवरच संपत होते, मोटारीच्या वाट्याला जेमतेम साडेपाच. मग त्याने एक जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट मोटारीच्या अर्थला टेकवली. टेकवताक्षणी वायपर सुसाट.

आता त्या १२.३ ची गंमत. मीटर खोटं बोलत नव्हता. काळी पिन लोखंडी पट्टीला लावली होती, मोटारीच्या अर्थला नाही. मोटारीपर्यंत येणारे व्होल्ट मीटरने दाखवले, परतीचा रस्ता दाखवलाच नाही. प्लग काढून नुसत्या मीटरने मोजणं हाही तसलाच प्रकार: मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. त्यापेक्षा २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून बघावा. तो पावणेदोन अँपिअर खातो. जोड कच्चा असेल तर लगेच मिणमिणतो.

मोटरहोमची बॉडी फायबरची. फायबरमधून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक वस्तूला अर्थची वेगळी वायर लागते, आणि आमच्या गाडीत अशा पाच-सहा वायरी डॅशबोर्डमागे एकाच बोल्टवर आवळलेल्या होत्या. हेडलाइटचीही त्यातच, म्हणून हेडलाइट लावले की वायपर आणखी मंद. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची बोल्टात अडकवायची धातूची कडी, हिरवट, पांढऱ्या भुकटीने माखलेली. पण त्यावरच्या नटाचे कोपरे मात्र ताजे चकचकीत, पाना नुकताच फिरलेला. म्हणजे त्या मेकॅनिक गड्याला बिघाड सापडला होता! नट आवळून त्याने वायपर चालू केले आणि बिल लावलं मोटारीचं. गंज घासला नाही, म्हणून दुखणं परतलं.

मोटार? मित्राने टॉर्च मारला आणि हसायलाच लागला. काळा रंग मोटारीवर होता, तिच्या वायरींवर होता, शेजारच्या रबरावरही उडाला होता. बसवायच्या तिन्ही बोल्टांवर रंगाचा थर अखंड, पाना लागल्याची एक खूणही नाही. मोटार जागेवरून हललीच नव्हती. फ्यूज बघितला तर १५ अँपिअरच्या जागी हिरवा, ३० चा. हा प्रकार मला चोरीपेक्षा वाईट वाटतो, कारण पुढेमागे वायरच तापून जळेल आणि फ्यूज शाबूत राहील.

गाडी कुणाकडे ठेवणार असाल तर आधी मोटारीचा, बोल्टांचा आणि फ्यूजचा फोटो काढा, मोटारीवर मार्करने आडबाजूला एक रेघ ओढा, आणि जुना भाग परत हवा हे काम सुरू होण्याआधी सांगा. मोटार जळाली असं कुणी म्हणालं तर ती वायपरच्या दांड्यांपासून सोडवून, बोटं लांब ठेवून, फ्यूज लावलेल्या वायरीने बॅटरीवरून थेट चालवून दाखवायला लावा. आणि वायपर फक्त खाली येऊन बसत नसतील तर बऱ्याचदा मोटारीच्या गिअरच्या झाकणातला पार्किंगचा काँटॅक्ट (वायपर खाली आणून थांबवणारा) मळलेला असतो. तेवढ्यासाठी कुणी अख्खी मोटार गळ्यात मारेल.

आम्ही थिंबल बदलल्या, बोल्ट पॉलिश पेपरने घासला, वर ग्रीस लावलं, १५ चा फ्यूज परत घातला. तासाभराचं काम.

फोटो घेऊन त्या मेकॅनिककडे गेलो. बोल्टांचा फोटो त्याने बोटांनी मोठा करून दोनदा बघितला. गंज लागू नये म्हणून आम्ही सगळ्याच मोटारींना रंग मारतो, म्हणाला. नवीन मोटारीला गंज कसा लागतो, विचारलं. त्यावर म्हणाला, पुढच्या वेळी या, मजुरी घेणार नाही.