शहरातला निसर्ग कॅम्प: तळ्यासाठी जा, झिपलाइनसाठी जाऊ नका

शहराच्या मधोमध निसर्ग कॅम्प म्हणल्यावर मला आधी हसूच आलेलं. कुंपणापलीकडून बसचे हॉर्न ऐकू येतात आणि हे म्हणे निसर्ग दाखवणार. पण मुलीने हट्ट धरला म्हणून पालक आणि मुलं दोघांसाठी असतो तो दोन दिवस एक रात्रवाला घेतला. मुलगी नऊ वर्षांची, किड्यांना घाबरते, मी तिच्यापेक्षा जास्त घाबरतो. येऊन आठवडा झाला, राग पण निवलाय आणि उत्साह पण, म्हणून आत्ता लिहितोय.

आधी तळ्याबद्दल, कारण पैसे वसूल झाले ते तिथेच. तळं कसलं, मोठं डबकंच, गुडघाभर पाणी. प्रत्येक ग्रुपला एक जाळी, एक चमचा आणि एक पांढरा प्लास्टिकचा ट्रे. पांढराच का तर गढूळ रंगाचे किडे त्याच्यावर उठून दिसतात. जाळीतला गाळ ट्रेमधे उलटा केला आणि पहिली दहा मिनिटं आम्हाला फक्त चिखल दिसला, मी मनात म्हणलं झालं, गंडलो. मग चिखलाचा एक तुकडा चालायला लागला. आमच्या ग्रुपच्या ताईने लगेच नाव सांगितलं नाही हे मला फार आवडलं, ती म्हणली बघत बस आणि काय करतं ते मला सांग. तर त्याच्या तोंडाखालून काहीतरी सटकन बाहेर आलं आणि समोरची डासाची अळी गायब! तो म्हणे त्याचा खालचा ओठ, एरवी डोक्याखाली घडी करून ठेवलेला असतो. नंतर चमच्याने हलकंच हलवलं तर ते मागून पाण्याची पिचकारी मारून पुढे पळालं, आणि आमच्या बाईसाहेब अख्ख्या ग्रुपसमोर ओरडल्या, बाबा हे पादून पळतं! ताई हसून म्हणली जवळजवळ बरोबर आहे, त्याचे कल्ले तिथेच आत असतात, श्वासाचं पाणी जोरात बाहेर सोडलं की ते पुढे जातं. ते चतुराचं पिल्लू होतं. शेजारच्या ट्रेमधे टाचणीचं होतं (टाचणी म्हणजे चतुरासारखाच पण बारीक किडा), त्याच्या शेपटाला तीन पानांसारखे कल्ले. मोठेपणी बसल्यावर पंख आडवे पसरले तर तो चतुर, आणि बहुतेक टाचण्या मात्र पंख मिटून बसतात, हे आता घरी रोज ऐकतोय. ट्रे उन्हात ठेवू देत नव्हते कारण पाणी तापलं की ऑक्सिजन कमी होतो, आणि शेवटी सगळं परत तळ्यात. तास कसा गेला कळलं नाही.

रात्री पांढरी चादर टांगून त्याच्यावर दिवा, मग पतंग येतात ते बघायचे. इथे एक भारी गोष्ट कळली. २०२४ मधे एक अभ्यास आलाय, हायस्पीड कॅमेऱ्याने शूट केलेला, त्यात म्हणे पतंग दिव्याकडे ओढले वगैरे जात नाहीत, ते उडताना पाठ उजेडाच्या बाजूला ठेवतात कारण रात्री आभाळच जास्त उजळ असतं, आणि मधे दिवा आला की त्यांचं वर-खाली चुकतं आणि ते गोल गोल अडकतात. म्हणजे शमा-परवाना शायरी सगळी पाण्यात. पतंग मात्र मोजून सात-आठच आले, समोरच्या बिल्डिंगचा फ्लडलाइट थेट आत पडतो त्यामुळे आपली चादर फिकी पडते, हे ताईने स्वतःच सांगितलं, उगाच सारवासारव केली नाही. अर्ध्या तासाने दिवा बंद, पतंगांना जाऊ दे म्हणून.

आता रडगाणं. झिपलाइनला चाळीस मुलं आणि हार्नेस दोन. दीड तास लाइनमधे उभं राहून वीस सेकंद लोंबकळायचं, तेवढ्यात अजून एकदा तळं झालं असतं. सेफ्टीबद्दल तक्रार नाही, प्रत्येक हुकचं लॉक दोनदा चेक करत होते, पण लहान साइजचं हेल्मेट नव्हतं, मुलीचं सारखं डोळ्यावर. सकाळी साडेसहाला पक्षी बघायला नेलं तर पाच मुलांत एक दुर्बीण. दुर्बीण चांगली होती, ८×४२ म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पण मोठ्यांच्या डोळ्यांना लावलेली तशीच पोरांच्या हातात, त्यांना दोन काळे गोल दिसत होते आणि बिचारी हो हो दिसला म्हणत होती. मधून दुमडून जवळ घ्यायची असते हे शेवटी मी सांगितलं. झाडांची वर्कशीट म्हणजे शाळाच, सगळ्यांनी एकमेकांची बघून भरली.

आणि सामानाच्या लिस्टमधे स्पोर्ट्स शूज एवढंच लिहिलेलं, पाण्यात उतरायचंय हा शब्द नाही. दोन दिवस ओल्या बुटात काढले. जाणार असाल तर जास्तीचा जोड न्या आणि बुक करताना ग्रुपमधे मुलं किती ते आधी विचारा, आमच्यात आठ होती म्हणून ट्रेभोवती जमलं, बारा असती तर मागच्यांना फक्त डोकी दिसली असती. टॉयलेट स्वच्छ, तंबू ठीक.

पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन तळ्याचे. मुलगी आता बाल्कनीत बादलीचं तळं करायचं म्हणतेय. डास होतील म्हणलं तर उत्तर तयार, बाबा मग एक चतुर पाळू ना.