आरसीसी कन्सल्टंटला मॉडेल कसं द्यावं: डीडब्ल्यूजी, रेव्हिट लिंक की आयएफसी?

आर्किटेक्टने प्लॅनची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) पाठवायची, आरसीसी कन्सल्टंटने त्यावर कॉलम बसवून परत पाठवायची, ही आपल्याकडची रुळलेली पद्धत. थ्रीडी मॉडेलवर जायचं ठरवलं की नेमकी कुठली फाइल द्यायची इथे गाडी अडते.

आधी एक गैरसमज दूर करते. इंजिनिअर ज्यावर हिशेब करतो, ते मॉडेल तुमचं नसतं. ईटॅब्स या इमारतीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बीम आणि कॉलम म्हणजे रेघा, स्लॅब म्हणजे नुसता पृष्ठभाग, आणि हे सगळं टोकाला टोक जुळलेलं लागतं. तुम्ही कॉलम भिंतीच्या बाहेरच्या कडेला लावलेला असतो. त्यातून असा सांगाडा आपोआप नीट निघत नाही. ईटॅब्स बनवणाऱ्या सीएसआय कंपनीचा रेव्हिटसाठी (थ्रीडी मॉडेल करण्याचं सॉफ्टवेअर) प्लगइन आहे, पण त्याच्या जोरावर निर्णय घेऊ नका. द्यायच्या असतात त्या ग्रिड (कॉलमच्या आखणीच्या रेषा), लेव्हल (मजल्यांच्या पातळ्या), भिंती, डक्ट आणि संक स्लॅबच्या (टॉयलेटखाली खोल घेतलेल्या स्लॅबच्या) जागा.

बंगला किंवा तीन-चार मजल्यांची साधी इमारत असेल तर डीडब्ल्यूजी पुरते. ईटॅब्समध्ये ती खाली ठेवून वर काम करता येतं, कोणाला नवं सॉफ्टवेअर शिकावं लागत नाही. मात्र उंचीची सगळी माहिती सेक्शनमध्ये आणि माणसांच्या डोक्यात राहते.

दोन्ही ऑफिसं रेव्हिटवर असतील तर माझं मत सरळ लिंकच्या, म्हणजे एकाची फाइल दुसऱ्याच्या फाइलला जोडून काम करण्याच्या बाजूने. रेव्हिटमधल्या कॉपी-मॉनिटर या सोयीने इंजिनिअर तुमचे ग्रिड आणि लेव्हल स्वतःच्या फाइलमध्ये घेतो. तुम्ही ग्रिड हलवलात की त्याला सूचना मिळते. उलट दिशेनेही फायदा आहे. आयएस १३९२० या भूकंपरोधक आरसीसी बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार भूकंपरोधक फ्रेममधल्या कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिमी लागते आणि आपली विटेची भिंत २३० ची. बेडरूमच्या कोपऱ्यात बाहेर आलेले ते ७० मिमी लिंक केल्यावर तिथल्या तिथे दिसतात आणि वॉर्डरोब त्याच दिवशी हलवता येतो. अडचण आवृत्तीची. रेव्हिट २०२४ मध्ये सेव्ह केलेली फाइल २०२२ मध्ये उघडत नाही, जुन्या आवृत्तीत परत सेव्हही होत नाही. कामाच्या मधोमध एकाने अपग्रेड केलं की दुसरा अडकतो.

दोघांची मॉडेलिंग सॉफ्टवेअर वेगळी असतील, म्हणजे एक जण आर्चिकॅडवर आणि दुसरा टेक्लावर, तर आयएफसीच. आयएफसी हे मॉडेलच्या देवाणघेवाणीचं खुलं फाइल-स्वरूप, कुठल्याच सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं नाही. २०१३ पासून ते आयएसओ १६७३९ म्हणून प्रमाणित आहे. पण आयएफसी ही बघून काम करण्याची फाइल आहे, दुरुस्त करण्याची नव्हे. समोरच्याची भिंत ओढून सरकवू म्हणाल तर निराश व्हाल. आधी आयएफसीची आवृत्ती २x३ की ४ हे ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. शंका मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर न पाठवता बीसीएफमध्ये (मॉडेलवरच्या शंका पाठवायच्या फाइलमध्ये) पाठवा. त्यात प्रश्नासोबत मॉडेलमधली नेमकी जागाही जाते.

फाइल कुठलीही असो, खरा घोळ होतो तो लेव्हलवर. आमच्या एका कामात आमची लेव्हल फरशीच्या वरच्या पातळीला होती आणि कन्सल्टंटने तीच स्लॅबची वरची पातळी धरली. मध्ये फ्लोअरिंगचे ७५ मिमी. मॉडेलमध्ये सगळे बीम तेवढे वर दिसत होते, खिडकीच्या डोक्यावर जागा आहे असं वाटत होतं, प्रत्यक्षात नव्हती. सेंटरिंग लागायच्या आधी लक्षात आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून आम्ही दोन वेगळ्या नावांच्या लेव्हल ठेवतो.

कॉलम कोणाचा, हेही ठरवून टाका. दोघांच्या फाइलमध्ये तोच कॉलम राहिला तर काँक्रीटचा हिशेब दुप्पट येतो. पहिली स्कीम ठरली की कॉलम इंजिनिअरचे. आर्किटेक्टने आपले काढून त्याच्या लिंकवर काम करावं. आणि ओरिजिन, म्हणजे मॉडेलचा शून्य बिंदू, सर्व्हेच्या कोऑर्डिनेटवर ठेवू नका. ते आकडे लाखो मीटरमध्ये असतात, मॉडेल ओरिजिनपासून फार लांब जाऊन गडबडतं. ए आणि १ या ग्रिड जिथे छेदतात तो बिंदू ओरिजिन धरा.

नव्या कन्सल्टंटबरोबर सुरुवात करताना पूर्ण इमारत पाठवू नका. एकच मजला द्या, ज्यात जिना, एक संक टॉयलेट आणि भिंतीबाहेर येणारा एक कॉलम आहे. तो त्यांच्याकडे जाऊन परत आला की आपल्या मॉडेलवर ठेवून माप घ्या.