भट्टी उत्तम, बैठक बेताची: सत्तरीतील फेणीच्या भट्टीची भेट

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या एका लहान भट्टीला एप्रिलच्या मध्यावर भेट दिली. काजूच्या फळापासून, म्हणजे बोंडूपासून, होणारे फेणी हे मद्य गाळण्याचे काम या घरात पूर्वीपासून चालत आले आहे. अलीकडे मालकांनी पर्यटकांसाठी फेरी सुरू केली असून, माणशी 800 रुपये घेऊन बोंडू वेचण्यापासून फेणी उतरेपर्यंतचे सगळे काम ते दाखवतात. एका वाक्यात मत द्यायचे तर, जिथे प्रत्यक्ष काम चालते तो भाग पाहण्यासाठी एवढ्या लांब जाणे सार्थकी लागते. पाहुण्यांसाठी म्हणून जे वेगळे उभारले आहे, तिथे मात्र बेफिकिरी जाणवते.

फेरी सकाळी साडेसातला बागायतीतून सुरू होते आणि ही वेळ चुकवू नये. फेणीसाठी झाडावरून तोडलेले फळ चालत नाही. पिकून आपोआप गळलेले बोंडूच उचलायचे, असा दंडक आहे. टोकाला खिळा ठोकलेल्या काठीने बायका ते टिपत होत्या आणि बी पिळून वेगळी काढत होत्या. ती बी वेगळी विकली जाते. बोंडू मात्र दिवसभरसुद्धा टिकत नाही, त्यामुळे सकाळी वेचलेले फळ त्याच दिवशी चेचावे लागते. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेल्या या झाडाच्या फळावर गोव्यात एवढा मोठा व्यवसाय उभा राहिला आणि तिकडे सिंधुदुर्गात कित्येक बागांतून तेच बोंडू झाडाखाली कुजत पडलेले दिसते, हा विचार तिथे उभे असताना मनात आल्यावाचून राहत नाही.

बागायतीच्या उतारावर कातळात कोरलेली जुनी कोळमी आहे. पूर्वी त्यात उतरून पायांनी बोंडू तुडवत. आता शेजारीच लोखंडी यंत्र बसवले आहे आणि मार्गदर्शक मुलाने ते न लपवता सांगितले, हे मला आवडले. चेचून उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून, वेलीने आवळून बांधून, वर जड दगड ठेवतात आणि रात्रभर त्यातून थेंब थेंब झिरपलेला स्वच्छ रस म्हणजे नीरो. माझी बहीण मद्य घेत नाही. तिच्यासमोर कोणी न सांगता नीरोचा पेला आला. पहिला घोट मधासारखा गोड लागतो, मग घशाशी तो ओळखीचा तुरटपणा येतो आणि जीभ किंचित खरखरीत होते. दुपारपर्यंत हाच रस आंबायला लागतो, म्हणून सकाळी जाणाऱ्यालाच तो खऱ्या चवीचा मिळतो. संपूर्ण भेटीत सर्वांत चांगले काय होते, असे विचारले तर बहीण आजही नीरोच सांगते आणि मला तिच्याशी वाद घालता येत नाही.

पहिल्या चेचणीचा रस निम्म्याहून अधिक जमिनीत पुरलेल्या भांड्यांत तीन दिवस आंबतो. त्यात यीस्ट घालत नाहीत; फळाच्या सालीवर आणि हवेत जे असते तेवढ्यावरच काम भागते. त्यामुळे दोन भट्ट्यांची फेणी सारखी लागत नाही, किंबहुना एकाच भट्टीची मार्चमधली आणि मेमधली फेणीही सारखी लागत नाही. भांड्यावर कान नेला की रस फसफसल्याचा बारीक आवाज ऐकू येतो. वास उग्र आहे. पिकलेल्या बोंडवाचा वास ज्यांना सोसत नाही त्यांनी इथून पुढचा भाग जरा लांबूनच पाहावा.

भट्टीच्या पडवीत आम्ही तासभर थांबलो आणि तो तास पैसे वसूल करून गेला. तांब्याचे भाण, म्हणजे रस उकळण्याचे भांडे, लाकडाच्या जाळावर होते, त्याच्या तोंडाशी वारुळाच्या मातीचा लेप होता आणि नळीतून येणारी वाफ लावणीत, म्हणजे गोळा करण्याच्या मडक्यात, उतरत होती. लावणीवर एक गृहस्थ तांब्याने सतत गार पाणी ओतत होते. जाळ कमी-जास्त करायचा निर्णय तेच घेत होते, आणि तोही तापमापक न पाहता, धारेकडे आणि आवाजाकडे लक्ष ठेवून. मध्येच त्यांनी थोडा अर्क बाटलीत घेतला, जोराने हलवला आणि वर उठलेले फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते आम्हाला दाखवले. फेणी हे नाव फेसावरून, फेणावरून आले असे सांगतात ते का, हे त्या बाटलीकडे पाहिल्यावर वेगळे समजवावे लागत नाही. त्यानंतर अर्कात काचेचा मापक तरंगत सोडून त्यांनी ‘ग्राव’, म्हणजे मद्याची तीव्रता, मोजली, तेव्हा डोळ्यांचा अंदाज आणि मापकाचा आकडा जवळजवळ जुळला होता.

पहिल्या उतारात, म्हणजे पहिल्यांदा गाळल्यावर, मिळते ते हुर्राक, साधारण 15 टक्के मद्यार्काचे. ते नव्या रसात मिसळून पुन्हा गाळले की फेणी उतरते. जुन्या पद्धतीत मध्ये काजुलो नावाची आणखी एक पायरी होती आणि फेणी तिसऱ्या उतारात येत असे. इथे दोनच उतार घेतात. मार्गदर्शकाने एवढे सगळे नीट सांगितले, पण ‘पहिली धार टाकून दिली की मिथेनॉल सगळे निघून जाते’ हे त्याचे विधान दुरुस्त करायला हवे. पहिल्या धारेबरोबर मुख्यतः अॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अॅसिटेट यांसारखे झोंबणारे पदार्थ बाहेर पडतात. फळातल्या पेक्टिनपासून तयार होणारे मिथेनॉल अशा साध्या भाणात संपूर्ण उतारात थोडे थोडे येत राहते. पाहुण्यांना शास्त्र सांगायचेच असेल तर ते बरोबर सांगावे.

तक्रारी सुरू होतात त्या चव घेण्याच्या बैठकीपासून. आधी फेणी आणि मग हुर्राक असा उलटा क्रम ठेवल्यामुळे 42.8 टक्क्यांच्या फेणीनंतर बिचाऱ्या हुर्राकाची नाजूक, फळकट चव कळेनाशी झाली. फेणी बर्फात बुडवून दिली, म्हणजे ज्या वासासाठी चार दिवसांचा हा खटाटोप केला तो वासच बर्फाने झाकला. हुर्राकात लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि गोड सोडा घालण्याची रीत जुनी आहे आणि ती मला आवडतेही, परंतु एक घोट तरी निव्वळ द्यायला हवा होता. मागितल्यावर दिला, कपाळाला आठी घालून. गार न केलेली फेणी मग थोडी पेल्यात घेऊन फिरवली तेव्हा पिकलेल्या फळाचा, किंचित धुराचा आणि शेवटी मिरपुडीसारखा वास आला. चांगली फेणी होती, आणि तशी ती दाखवली जात नाही याचेच वाईट वाटले.

विक्रीच्या खोलीत भिंतीवर 2009 मध्ये फेणीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा मोठा फलक आहे आणि त्याच फलकाखाली काजूच्या बाटल्यांशेजारी माडाची फेणी मांडली आहे. मानांकन काजूच्या फेणीचे आहे; माडाची फेणी माडीपासून होते, फळापासून नव्हे. नवख्या ग्राहकाचा त्यामुळे गैरसमज होतो. बाटलीवर कोणत्या हंगामाची फेणी आहे याचाही उल्लेख नाही. महाराष्ट्रातून आलेल्यांना परवान्याविना बाटली राज्यात नेता येत नाही आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते, हे पैसे घेण्याआधी सांगणे हे विक्रेत्याचे काम होते. आम्हाला ते ठाऊक होते म्हणून निभावले, शेजारच्या पुण्याच्या कुटुंबाने मात्र सहा बाटल्या घेतल्या होत्या.

फेरीचे आरक्षण वर्षभर मिळते, पण काजूचा हंगाम मेअखेर संपतो आणि त्यानंतर भाण थंड असते. पैसे भरण्यापूर्वी फोन करून भट्टी पेटलेली आहे का, हे विचारून घ्यावे.