काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाच्या नावानं आमची झालेली फसवणूक

आमचे खापरपणजोबा काळ्या पाण्यावर गेले आणि परत आले नाहीत, एवढंच घरात माहीत होतं. बांधावरून भाऊबंदांत मारामारी झाली, एकाचा जीव गेला आणि साताऱ्याच्या कोर्टात जन्मठेप झाली. तेव्हा पणजोबा पोटात होते. गेल्याची तिथी माहीत नाही म्हणून त्यांचं पान दरवर्षी सर्वपित्रीला. आई आता 84 वर्षांची आहे. "निदान कुठं गेले ते तरी कळू दे," असं ती सारखं म्हणायची.

भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं 'वंशावळ संशोधक' म्हणून एक नंबर टाकला. मी फोन केला. माणूस फार अदबीनं बोलायचा, आईची चौकशी करायचा. लंडन आणि पोर्ट ब्लेअरच्या दप्तरात आपली माणसं आहेत म्हणाला. आधी 8,500 रुपये घेतले. पंधरा दिवसांनी "नाव सापडलं, नक्कल सोडवायची आहे" म्हणून 14,000. मग खापरपणजोबांच्या गळ्यातल्या लाकडी बिल्ल्याचा फोटो मिळतोय म्हणून आणखी 6,000. एकूण 28,500 रुपये, तेही प्रत्येक वेळी वेगळ्याच नावाच्या खात्यावर.

कागद आला. खापरपणजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. गुन्हा : 1857 च्या बंडात सरकारविरुद्ध उठाव. सेल्युलर जेल, कोठडी क्रमांक 214. खाली 1863 सालातली मृत्यूची तारीख आणि लाल शिक्का.

खरं सांगतो, 'उठाव' हा शब्द वाचून घरातला प्रत्येक जण ताठ झाला. चार पिढ्या दबक्या आवाजात सांगितलेला खून एका ओळीत पुसला गेला होता. पुतण्यानं लगेच स्टेटस ठेवलं. कागदावर शंका घ्यायची कुणाला इच्छाच राहिली नाही, आणि त्या माणसानं नेमकं हेच हेरलं होतं.

गुरुजींनी त्या तारखेवरून तिथी काढली. पितृपक्षात पहिल्यांदाच त्यांचं वेगळं श्राद्ध झालं. मी तर्पण केलं, आईनं स्वतः बसून वडे तळले, खीर केली. पान पत्र्यावर ठेवलं आणि कावळा लगेच शिवला. आई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "पोचलं बघ."

त्याच हिवाळ्यात मी आणि बायको अंदमानला गेलो. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून नेला होता. जेलमधल्या गाइडला म्हटलं, एवढी कोठडी दाखवा. त्यानं कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, हे जेल बांधायला 1896 मध्ये घेतलं, पुरं झालं 1906 मध्ये. 1863 ला इथं भिंतच नव्हती." बायकोनं माझा हात धरला. पुढचं काही मी ऐकलं नाही.

काळं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सावरकरांची कोठडी येते. पण सावरकर तिथं गेले 1911 मध्ये. अंदमानातली कैद्यांची वसाहत त्याच्या कितीतरी आधीची. 10 मार्च 1858 रोजी डॉक्टर वॉकर 200 कैदी घेऊन तिथं उतरला. सुरुवातीचे कैदी चॅथम, रॉस, व्हायपर या बेटांवर जंगल तोडायला जुंपले होते. त्याही आधी आपल्या मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशस, पेनांग, सिंगापूरला जात. तेव्हा 1896 च्या आधी मेलेल्या माणसाला कुणी सेल्युलर जेलमध्ये मेलेला दाखवला, तर तो कागद तिथंच खोटा ठरतो.

घरी येऊन कागद पुन्हा वाचला. 'जिल्हा सांगली' म्हणे! वाळवा तेव्हा साताऱ्यात होता. दक्षिण सातारा जिल्हा 1949 चा, त्याला सांगली हे नाव मिळालं 1960 मध्ये. नावही आजच्या आधारकार्डासारखं. त्या काळच्या आपल्याकडच्या कागदांत 'अमुक बिन तमुक' असं लिहीत, इंग्रजीतही तो 'बिन' तसाच उतरे. आडनाव बहुतेकदा नसेच. आणि बिल्ल्याचा तो फोटो, त्याच आकड्यासकट, कराडच्या एका कुटुंबालाही 'तुमच्या आजोबांचा' म्हणून विकलेला निघाला.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइन नंबरवर तक्रार केली, पोलिसांत अर्जही दिला. फोन केव्हाच बंद झाला होता. पैसे मिळालेले नाहीत.

ज्याला खरंच शोध घ्यायचाय त्यानं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर नावनोंदणी करून घरबसल्या सूची चाळावी. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथं न्याय खात्याची जुनी बाडं आहेत. मी आता तिथं जातो. शिक्षेचं वर्ष अंदाजानं धरायचं आणि पान पान उलटायचं. वेळ फार लागतो, नावांची इंग्रजी स्पेलिंगं वाटेल तशी असतात. पंधरा दिवसांत 'सापडलं' म्हणणाऱ्याला दुसरा हप्ता देऊ नका, आणि मूळ बाडाचा क्रमांक व पान सांगितल्याशिवाय पहिलाही देऊ नका.

आईला सगळं सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मी तिला सांगितलं की तिथं चांगल्या वागणुकीच्या कैद्यांना काही वर्षांनी शेती करायला, कैदी बाईशी लग्न करायला परवानगी मिळे, त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथं राहतात. तिनं विचारलं, "म्हणजे तिकडं कुणीतरी त्यांचं पान ठेवत असेल?" आमच्याकडे यंदा ते पुन्हा सर्वपित्रीला ठेवलं.